भिवराचं पाऊल

हा उंबराखालचा दगड बघा. ह्याच्यावर शेंदूर नाही, तरी कुणी ह्याला पाय लावत नाही. गर्भार सून ह्यावर बसते आणि सासू खाली मातीत गुडघे टेकते. सुनेचं पाऊल मांडीवर घेऊन तिच्या बोटातलं जोडवं फिरवून बघते. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा, हे जांभूळदऱ्याबाहेर कुठं दिसायचं नाही. पाहुणे हसतात. हसा, पण जरा टेका.

असं सांगतात, लई मागं इथं राही नावाची बाई होती. तिची थोरली सून भिवरा, आठवा महिना लागलेला. एक दिवस भिवरा म्हणाली, "आत्याबाई, जोडवी रुततात."

"रुतू दे गं. माझ्या घरचं अन्न अंगी लागलंय!" राहीनं चारचौघींत मिरवून सांगितलं.

मग भिवराचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. राही म्हणाली, "गावदेवी मळाई दर्शन देतीय." दुसऱ्या दिवशी भिवराचं अंग ताठलं, दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागले. अंगात देवीच आली म्हणून बायांनी हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. राहीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय सुजून टच्च झाले होते, ते तिला दिसलंच नाही. दिवस मावळायच्या आत भिवरा गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

तेरावा झाला. राहीनं दुपारी पडवी सारवली. ओल वाळायच्या आत त्यावर एक पाऊल उमटलं म्हणे. रुंद, फुगीर, बोटाशी जोडव्याची खोल खाच. तिनं हात फिरवून पुसलं. दुसऱ्या दिवशी परत. लेक म्हणायचा, "मांजर गेलं असंल, आई." राही परत सारवायला घ्यायची. पावलं रोज दारातून चुलीपर्यंत यायची आणि तिथंच थांबायची.

दोन वर्षं गेली. धाकटी सून सगुणा गर्भार राहिली. एका सकाळी पावलं चुलीशी थांबली नाहीत. जात्यापाशी गेली, दळत बसलेल्या सगुणाच्या पायांना जाऊन भिडली. राही खाली वाकली. सारवणातलं पाऊल आणि सगुणाचं पाऊल, दोन्ही एकसारखी. तिनं जोडवं फिरवून पाहिलं. फिरेना.

"कधीपासनं गं?"

"चार दिस झाले. तुम्ही म्हणाल, अन्न अंगी लागलंय, म्हणून बोलले नाही."

"डोकं?"

"ठणकतंय. डोळ्यांपुढं चांदण्या येत्यात."

बाया हळदकुंकू घेऊन धावल्या. "राहीबाई, मळाई येतीय! आता उंबरा ओलांडू नका, कोप होईल."

"कोप माझ्यावर होऊ दे. डोली आणा!"

खांदेकरी तिघंच मिळाले. चौथा खांदा राहीनं दिला. घाट उतरताना मागून कुणीतरी जडशीळ पावलं टाकत येत होतं, असं म्हणतात. गडी वळून बघायचे, मागं कुणीच नसायचं. राहीनं मात्र एकदाही मान वळवली नाही.

खालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दिवस भरायच्या आधीच बाळंतपण केलं. ओंजळीत मावेल एवढी पोर, पण रडली. सगुणाही वाचली. बाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. झटके सुरू झाले असते तर माझ्याही हाती राहिलं नसतं."

राहीनं विचारलं, "झटके म्हंजे... ती देवी नसती का, बाई?"

"देवी नाही, दुखणंच ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. राही तिथंच भुईवर बसली. सांगतात की घाट चढून आल्यावर ती घरात गेलीच नाही. भिवरा बसायची त्या ह्या रिकाम्या दगडापुढं गुडघे टेकून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली.

आजही सातवा महिना लागला की दर मंगळवारी सासू सुनेला इथं आणते. जोडवं फिरलं नाही, तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं, अंगावरून रक्त गेलं, पोटातलं लेकरू हलेनासं झालं, यातलं एक जरी असलं तरी कुणी कुणाला विचारत बसत नाही, गाडी निघते. पण सून दगडाच्या एका कडेलाच बसते, अर्धा दगड मोकळा सोडते. सासू आधी त्या मोकळ्या जागेपुढं ओंजळ धरते आणि म्हणते, "भिवरे, दे गं पाऊल." थोडा वेळ थांबते. माझी म्हातारी सांगायची, तेवढ्यात ओंजळीत काहीतरी गार आणि जड येऊन टेकतं.

मग सासू सुनेकडं वळते.