चार लाखांची अंघोळ

भांडीकुंडीही एकमेकांशी भांडायची, त्या काळची गोष्ट. झिपरीबाई अस्वलीण रानात न्हाणीघर चालवायची. तिथला म्हातारा तांब्याचा बंब उष्णता कॅलरीत मोजायचा. ऐन थंडीत तिने विजेचा हीटर आणला. तो ज्यूलमध्ये मोजायचा.

"मी एका बादलीत दोन लाख ओततो," बंब म्हणाला.

"मी तेवढ्याच बादलीत चार लाख!" हीटरने छाती फुगवली.

झिपरीबाईचे डोळे विस्फारले. "बंबोबा, तुम्ही आता मोडीत निघा!"

बंबाचं तोंडच उतरलं. पाणी भरणाऱ्या मुंगसाला मात्र हसू आवरेना. "बाई, त्याआधी त्या चार लाखांनी अंघोळ तर करा!"

झिपरीबाईने ऐटीत हीटरची बादली डोक्यावर ओतली आणि किंचाळली, "आई गं! हे धड कोमटसुद्धा नाही!"

"कसं असेल?" मुंगूस म्हणालं. "एका कॅलरीत चार ज्यूल मावतात, वर थोडी जागा उरते. बंबाचे दोन लाख म्हणजे हीटरचे आठ लाखांहून जास्त!"

झिपरीबाई कुडकुडत बंबाजवळ गेली. "बंबोबा, राग मानू नका. पेटा बघू लवकर!"

तेव्हापासून कुणी मोठा आकडा सांगितला, की ती कमरेवर हात ठेवून आधी विचारते, "कशाचे?"