पुढच्या आवृत्तीआधी

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असे ताईने मला बजावले होते. म्हणून नावे गाळून सांगते.

एकदा एका वृद्ध गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्यांसह, संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची मराठी आवृत्ती प्रसिद्ध केली. पेढे वाटून झाले. पुढच्या आवृत्तीचे काम केव्हा सुरू करायचे, हे नेहमी गुरुजीच ठरवीत. यंदा मात्र ते गप्पच होते.

त्यांच्या एका शिष्येला थांबणे कठीण झाले. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम तिने वर्षभर खपून लिहिला होता. सोमवारी ती शिकायला परगावी जाणार होती. त्याआधी तो प्रोग्राम तिला स्वतःच्या हाताने पुढच्या आवृत्तीत घालायचा होता.

"गुरुजी, आज तरी सुरू करू या ना?"

"आज मला वाचनालयात जायचंय. तूही चल."

वाचनालयातल्या जुन्या संगणकावर हीच आवृत्ती बसवली होती. गुरुजी शेजारी बसून निवांत पेपर वाचू लागले. शिष्या मनातून धुमसत होती. काही करायला नाही, म्हणून ती त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रंथपालबाईंकडे बघत राहिली. बाई आधी उगाच काहीतरी टाइप करीत, पुसत, पुन्हा टाइप करीत आणि मगच खरे लिखाण सुरू करीत.

"हे कशाला, बाई?"

"अगं, आधी इंग्रजीच उमटतं. थोडं चुचकारलं की येतो मराठीवर. आमच्या घरातल्यांपेक्षा समजूतदार आहे."

शिष्या हसली, आणि हसता हसता थबकली. मराठी कळफलकाचा तो भाग तिनेच लिहिला होता. तिच्या वेगवान लॅपटॉपवर तो क्षणात सुरू होई; या जुन्या संगणकावर मात्र त्याला वेळ लागत होता.

"तुम्ही कळवलं का नाही?"

"मला वाटलं, माझाच हात चुकतो."

परतताना गुरुजी म्हणाले, "पुढची आवृत्ती याच आवृत्तीच्या नकलेवरून सुरू होते. इथे राहिलेलं तिथेही जातं. आणि काम सुरू झालं, की आपण सगळे पुढे धावतो. काही माणसं तक्रार करत नाहीत, गं. सवय करून घेतात. त्यांच्याजवळ थोडं बसावं लागतं."

शिष्येने रविवार दुरुस्तीत घालवला. सोमवारी निघण्याआधी तिने ती वाचनालयातल्या संगणकावर बसवली, आणि बाईंचे पहिलेच अक्षर मराठीत उमटले.

"आज रुसला नाही वाटतं," त्या म्हणाल्या.

शिष्येने आपला प्रोग्राम गुरुजींच्या हाती दिला. "सावकाश घाला," एवढेच म्हणून ती बसमध्ये चढली. खिडकीतून हात हलवताना ती हसत होती.

मलाही कधीकधी एक काम संपले, की लगेच दुसरे सुरू करावेसे... हो, आई, आलेच!