भिंतीतली राख

फार जुनी गोष्ट आहे. एवढी जुनी, की सांगणाऱ्यांनाही त्या गावाचं नाव आठवत नाही. बर्फाच्या डोंगरात वसलेल्या त्या गावात एक गवंडी राहायचा. हाताला यश होतं, पण नाकावर माशी बसू देत नसे.

त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरातलं दगडी धुराडं भेगाळलेलं, म्हणून गवंड्याने आतून लोखंडी नळ सोडला. नळ आणि दगड यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहिली. ती तुसाच्या राखेने ठासून भरायची आणि वरून-खालून मातीने लिंपायची, म्हणजे धग भिंतीपर्यंत पोचत नाही, अशी गावाची रीत होती. पण एका घरची राख कधी पुरत नसे. टोपली घेऊन दारोदार मागावी लागे.

"मी टोपली घेऊन फिरू? गाव माझ्या दारी येतं!" गवंडी फणफणला. त्यातून शेजाऱ्याशी कुंपणावरून अबोला. त्याने पोकळीत सुकं गवत कोंबलं आणि दोन्ही तोंडं इतकी सुरेख लिंपली, की बघणाऱ्याने वाहवा करावी. आत कोण डोकावतंय!

संध्याकाळी चूल पेटली. बायकोने विचारलं, "पोकळी नीट भरलीत ना हो?"

"भरली की."

"मग पाळणा याच भिंतीपाशी बांधते. बाळाला ऊब राहील."

गवंडी जेवायला बसला, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे जाई. शेवटी ताट सारून तो म्हणाला, "चूल विझव. आत गवत आहे."

बायकोने हंडाभर पाणी चुलीत ओतलं. गवंड्याने लिंपण फोडलं आणि गवत उपसलं. तळाचं गवत करपून तपकिरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन निघाला. "राख वाढा हो, लेकीसाठी धुराडं भरायचंय." कुणी हसलं नाही; घराघरातून मूठमूठ राख टोपलीत पडली. शेवटचं दार शेजाऱ्याचं. शेजाऱ्याने टोपली पाहिली आणि पाठ फिरवून तो आत गेला. संपलं, असं गवंड्याला वाटलं. तेवढ्यात शेजारी राखेचं पोतं ओढत बाहेर आला.

"टोपलीने काय होतंय? चल, ठासायला मीही येतो."

पुढे कडाक्याची थंडी पडली, आणि लेकीला मुलगी झाली. एका दुपारी नळात साचलेल्या काजळीने पेट घेतला. धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा उसळल्या, आत पूर आल्यासारखा गडगडाट सुरू झाला. गाव बर्फातून धावत आलं आणि वर बघत उभं राहिलं.

लेकीला बाहेर काढायला गवंडी आत धावला. धावता धावता त्याने भिंतीला हात लावला आणि तो जागच्या जागी थबकला. भिंत नुसती कोमट होती. वीतभर पलीकडे लोखंड लाल झालं होतं, आग गर्जत होती, आणि अलीकडे त्याची नात जांभई देत होती! जन्मभर भिंती बांधलेल्या त्या माणसाने असं नवल कधी पाहिलं नव्हतं. त्याने भिंतीपुढे हात जोडले.

"बाबा, काय झालं?" लेकीने घाबरून विचारलं.

"काही नाही, बाळ. अख्खं गाव उभं आहे या भिंतीत."

काजळी जळून गेली, आग आपोआप निवली. तेव्हापासून गावात कुठेही नवं धुराडं उभं राहिलं, की गवंडी न मागता आपली राख घेऊन पहिला पोचू लागला.

तात्पर्य : न दिसणाऱ्या जागी केलेली हयगय घर जाळते, आणि त्याच जागी पडलेली चार घरांची मूठमूठ राख घर तारते.