पाठमोरी मोटार

सोनजळच्या महाराजांची मोटार ओढ्यातल्या वाळूत रुतली होती आणि महाराज खाली उतरायला तयार नव्हते.

"मोटारीतून निघालो, मोटारीतूनच वाड्यावर उतरणार," ते म्हणाले आणि मिशीला पीळ देत मागच्या गादीवर रेलले.

ड्रायव्हर उस्मानभाईंनी मोटारीखाली डोकावून कपाळाला हात लावला. "हुजूर, गिअर मोडलाय. मागची चाकं जाम झालीत. ती वर उचलून धरल्याशिवाय ओढलं, तर उरलंसुरलं आहे त्याचाही चुरा होईल."

"मग उचला आणि ओढा. बैल लावा!"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. सोनजळचा रिवाज असा, की महाराजांच्या पुढे कुणी चालायचं नाही आणि महाराजांना कुणी पाठ दाखवायची नाही. दाखवली तर त्याची जनावरं जप्त. जप्त जनावरांचा सांभाळ दिवाण त्र्यंबकपंतांकडे असे. दिवाणसाहेब भूतदयेने इतके भरलेले, की संस्थानातला सगळ्यात मोठा गोठा त्यांचाच होता.

'बैल लावा' हे शब्द कानावर पडताच ओढ्याकाठचे गाडीवान बघता बघता पसार झाले. राहिली एकटी गोजरा. तिची बांबूंनी भरलेली गाडी मोटारीच्या मागेच पाण्यात अडकली होती, पळणार कुठे? बाप गेल्यापासून ती आणि तिचे दोन बैल, सुंदऱ्या आणि हौशा, एवढंच काय ते घर होतं.

"ए पोरी," मोटारीशेजारी उभे असलेले दिवाण म्हणाले, "तुझे बैल मोटारीपुढे जुंप."

"पुढं जुंपले तर सरकारांना त्यांची पाठ दिसंल की."

"दिसेलच."

"मग?"

"मग जप्ती. रिवाज आहे."

"आणि न्हाई जुंपले तर?"

"हुकूम मोडला म्हणून जप्ती." दिवाण आतापासूनच हौशाचं वशिंड न्याहाळत होते.

रडून बैल सुटत नसतात, हे गोजराला ठाऊक होतं. तिने मोटारीभोवती एक फेरी मारली. मोटारीचं तोंड होतं रानाकडे आणि वाडा राहिला होता मागे. ती महाराजांपुढे हात जोडून उभी राहिली.

"सरकार, पुढं कुणी चालणार न्हाई. मोटार मागच्या अंगानं नेते."

महाराजांनी डोळे मिटून विचार केला. रिवाजात याविरुद्ध काहीच सापडेना. "ने," ते म्हणाले.

गोजराने बांबू उतरवून घेतले आणि आधी पुढच्या चाकांना दगड लावले, मोटार घरंगळायला नको म्हणून. मग महाराजांना म्हणाली, "सरकार, तेवढं पुढच्या गादीवर यावं. मागचं ओझं हलकं व्हाया पायजे."

"आम्ही जड आहोत?"

"अख्ख्या संस्थानाचा भार हाय तुमच्यावर. जड न्हाई तर काय?"

महाराज गादीवरून गादीवर सरकले आणि डावीकडे बसले. मोटार मागून चांगली वीतभर वर उठल्यासारखी वाटली. महाराजांबरोबरच्या शिपायांनी बांबूंची जुडी मागच्या आसाखाली सारली, धोंड्यावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला सगळे लोंबकळले. मोटारीचं बूड वर आलं. गोजराने रिकामी गाडी वळवून मागच्या बाजूने त्याखाली सरकवली आणि आस दोरांनी गाडीला गच्च बांधला.

"आता कुणीतरी ते हातातलं चाक धरून बसायचं," उस्मानभाई म्हणाले. "सरळ धरायचं, जरासुद्धा फिरवायचं नाही. मला नाही जमणार. सवयीने हात वळतो."

"म्हंजी नुसतं बसायचं आन् कायबी करायचं न्हाई?" गोजराने विचारलं.

सगळ्या शिपायांच्या नजरा आपोआप दिवाणसाहेबांकडे गेल्या. दिवाण निमूटपणे महाराजांच्या उजव्या हाताला जाऊन बसले. चाकांचे दगड काढले, सुंदऱ्या-हौशांनी जोर लावला आणि मोटार वाळूतून सुटली. वाटेत गावोगावचे लोक मागून चालू लागले. महाराजांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रयतेची तोंडं दिसली, आणि रयत हसते आहे असंही वाटलं.

वाड्याच्या दारात मोटार थांबली. दिवाण टुणकन उतरले.

"महाराज, रिवाज मोडला. सबंध वाटभर बैलांची ढुंगणं आपल्याकडे होती. जोडी जप्त करतो."

गोजराने कासरा मुठीत आवळला. "सरकार, पाठ दाखवली म्हंजी कुणाला तरी दिसली पायजे. तुमी मागं वळून बघितलंत का?"

"आम्ही?" महाराज ताठ झाले. "आमच्या घराण्यात कुणी मागे वळून बघत नाही."

"मग बघितली कुणी?"

"मी बघितली," दिवाण छाती काढून म्हणाले. "माझ्या या डोळ्यांनी!"

"कशी?"

"कशी म्हणजे? उजव्या अंगाने बाहेर वाकून, मागे वळून. एकदा नाही, घडीघडी बघत होतो."

"आन् सरकार कुठं बसलं होतं?"

"माझ्या डाव्या..."

"तुमी उजवीकडं वळल्यावर सरकारांकडं काय झालं, दिवाणसाहेब?"

शिपायांनी माना खाली घातल्या. महाराज असे खदाखदा हसले, की गाडीला बांधलेली मोटार गदगदली.

"खरंच की! ओढा सुटल्यापासून पंतांची पाठच बघतोय आम्ही. पंत, रिवाज आहे. काय करणार?"

त्याच संध्याकाळी दिवाणांचा गोठा जप्त झाला. ज्यांची जनावरं त्यांना परत गेली आणि पंतांची स्वतःची दुभती म्हैस महाराजांनी गोजराच्या दावणीला बांधली. शिवाय हुकूम निघाला, की यापुढे महाराजांची मोटार जिथे जाईल तिथे तिच्यामागून गोजराने आपली बैलजोडी हाकावी, सरकारी पगारावर.