दुल्सीबायने उचललेले शुक्रवार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या उंबरभाटात ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणारा हमखास थाप मारतो. एवढं खरं की तेव्हा वसईच्या या किनाऱ्यावर रस्ते मातीचे होते, केळीच्या बागांना रहाटाने पाणी जायचं आणि गावात डॉक्टर नव्हता. पण दुल्सीबाय होती.

दुल्सीबाय सुईण. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठावर तिचं कौलारू घर होतं. अंगणात कोंबड्या, परसात अडुळसा आणि गवती चहा. गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा रडलं ते तिच्या हातात. असं म्हणतात, तिने कपाळाला हात लावला की ताप स्वतःच घाबरून निघून जायचा. दिसायला मात्र बुटकी, साधी, आणि जिभेने तिखट. खाण्याची तिला भारी हौस. ताटात भाजलेला बांगडा असला की ती कुणाशी बोलायची नाही, आणि नाताळात डुकराचं मटण शिजलं की चव बघायला आधी तिलाच बोलवायचे.

आता आमच्या शुक्रवाराबद्दल सांगायला हवं. शुक्रवारी प्रभू येशूने क्रुसावर प्राण दिला, म्हणून ख्रिस्ती माणूस त्या दिवशी मांस सोडतो आणि आपल्या पापांचं प्रायश्चित्त करतो. मासे चालतात. पण उंबरभाटचे लोक म्हणाले, समुद्राकाठी राहायचं, मटण सोडायचं आणि ताटात पापलेट घ्यायचं, हे कसलं प्रायश्चित्त? देवाला काय कळत नाही? म्हणून त्यांनी शुक्रवारी मासेही सोडले. सुका बोंबीलसुद्धा नाही. शुक्रवारी कोळीण पाटी घेऊन आमच्या वेशीकडे फिरकायची नाही. शेजारच्या गावचे लोक हसायचे, आणि ते हसले की आमचे आणखी ताठ व्हायचे.

पुढे हा ताठा इतका वाढला की आजारी माणूसही शुक्रवारी खाईना. फादर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सांगून सांगून थकले. "अहो, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला चर्चनेच मोकळीक दिली आहे. खुशाल खा." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, "फादर मनाचे मऊ आहेत, ते असंच सांगणार." आजारी माणूस पेजेवर पडून राहायचा.

असाच एक शुक्रवार होता. आंजेलीन नावाची कोवळी बाई बाळंत झाली होती. रक्त फार गेलं होतं. ओठ पांढरे पडलेले, अंगावर दूध नाही, आणि कुशीतली मुलगी रडून रडून आता गप्प झाली होती. दुल्सीबायने मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कुणाला न विचारता घरी जाऊन आपली कोंबडी कापली. आलं, लसूण, मिरी घालून पातळ रस्सा केला आणि वाडगा आंजेलीनच्या तोंडाशी नेला.

आंजेलीनने तोंड फिरवलं. "आज शुक्रवार आहे, मावशी."

"ठाऊक आहे. पी."

"नको गो. पहिल्या खेपेला दिवस गेले होते तेव्हा मी एका शुक्रवारी लपून कोंबडी खाल्ली होती. कुणाला सांगितलं नाही. पोरगा मेलेला जन्मला. आता ही तरी जगू दे. मी नाही खाणार."

दुल्सीबायला त्या पोरीचा राग आला आणि तितकीच दयाही आली. देव असा सूड घेणारा नाही, हे तिला सांगावंसं वाटलं. पण जिच्या अंगात डोळे उघडण्याची ताकद नाही तिला देव समजावत बसलं, तर तोवर मुलगी हातची जाणार होती.

"बरं," ती म्हणाली, "मग तुझा शुक्रवार मला दे."

"म्हणजे?"

"विहिरीवरून येताना तुला कळ लागली तर तुझा हंडा मी घेते ना? आणि पाणी तुझ्याच घरी येतं ना? तसंच. आज मी माझा शुक्रवार पाळते, उद्या तुझा पाळते. देवाचा दिवस देवाला पोचल्याशी कारण."

"आणि देवाने विचारलं तर?"

"तर मला विचारील. मी आहे की उत्तर द्यायला."

आंजेलीनने तोंड उघडलं. वाडगा रिकामा झाला, आणखी एक झाला, आणि असं म्हणतात, चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत तिला दूध आलं. मुलगी अंगाला अशी चिकटली की सोडेना. दुल्सीबाय कोपऱ्यात बसून रडली, आणि कुणी पाहिलं तर धुराने डोळे झोंबले म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने तिला तळलेली मांदेली आणून दिली. दुल्सीबायने वास घेतला, डोळे मिटले आणि ताट परत केलं.

"माझ्या घरी आज शुक्रवार आहे," ती म्हणाली.

गोष्ट गावभर झाली. ज्यांना फादरांनी दिलेली सूट नको होती त्यांना दुल्सीबायचं म्हणणं लगेच पटलं. आमचे लोक असेच आहेत. सूट घ्यायला त्यांना लाज वाटते, पण आपलं ओझं कुणीतरी खरोखर वाहतंय म्हटलं की घास घशाखाली उतरतो. फादर हे ऐकून खूप हसले. "हे माझ्या कुठल्या पुस्तकात नाही," ते म्हणाले, "पण बाई चुकीचं करते आहे असंही मला म्हणवत नाही."

मग कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली, कुणाचा पाय मोडला, कुणाला खोकल्याने पोखरलं, आणि प्रत्येकाचा शुक्रवार दुल्सीबायने उचलला. सोमवारी एकाचा पाळायचा, मंगळवारी दुसऱ्याचा. रविवार तेवढा ती सोडायची, कारण तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. रविवारी ती बांगडा भाजायची आणि दार लावून घ्यायची.

पुढे तापाची साथ आली. घराघरात माणसं झोपली. असं म्हणतात, त्या दिवसांत गावातल्या कोंबड्या आपल्या पायांनी चालत दुल्सीबायच्या अंगणात आल्या. आता कोंबडीला एवढं काय पडलंय, असं माझ्याही मनात येतं. पण ज्याने ही गोष्ट सांगितली त्याने ती अशीच सांगितली, तेव्हा आलेल्या कोंबड्यांना आपण परत कशाला पाठवावं? रश्श्याची हंडी चुलीवरून उतरली नाही. दुल्सीबाय दारोदार वाडगा घेऊन फिरली आणि प्रत्येक दारात तेच म्हणाली, "तुझा शुक्रवार माझ्याकडे. तू जेव." माणसं उठली. साथ गेली. पण सगळ्या गावाचे शुक्रवार तिच्या डोक्यावर बसले, आणि तिचा रविवारही गेला.

त्यानंतर तिने माशाला बोट लावलं नाही. ताटात भात आणि वालाची आमटी, नाहीतर लाल भोपळा. हळूहळू हाडं वर आली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन पळणारी बाई भिंत धरून चालायला लागली. आणि गावच्या सणाच्या आदल्या दिवशी ती बावखलाच्या पायरीवर कोसळली.

आंजेलीनने तिला उचलून घरी नेलं. कोंबडी कापली, रस्सा केला, वाडगा तिच्या तोंडाशी नेला. दुल्सीबायने तोंड फिरवलं.

फादर धावत आले. "दुल्सीबाय, तू आजारी आहेस. तुला मोकळीक आहे, मी सांगतो."

"मोकळीक मला आहे, फादर," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मी लोकांना शब्द दिलाय. तुमचे शुक्रवार पाळले जातील म्हटलं, म्हणून ते जेवले. अजून कितीतरी राहिलेत. आता मी खाल्लं तर मी त्यांना फसवलं."

म्हणजे बघा, सगळ्या गावाचा हट्ट जिने मोडला ती स्वतः उंबरभाटचीच निघाली. फादरांनी कपाळाला हात लावला.

आंजेलीन म्हणाली, "मग माझा शुक्रवार मला परत दे."

"तुझा दुसऱ्याच दिवशी पाळला, पोरी."

"मग दुसऱ्या कुणाचा दे."

"ते माझं काम आहे."

"विहिरीवरून येताना हंडा फक्त तूच घ्यायचा, असं कुणी ठरवलं? मला हात नाहीत?"

"तू एकटी किती पाळशील, पोरी?" दुल्सीबाय एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिला धाप लागत होती. आंजेलीनला समजलं की ही बाई सण काही बघत नाही.

ती तशीच चर्चच्या पटांगणात गेली. तिथे पताका लागत होत्या, चुलवाणं मांडली होती, आणि आंब्याला डुक्कर बांधलं होतं. सणाचं जेवण म्हणजे आमच्याकडे मटणाचं जेवण, गावोगावचे पाहुणे त्यासाठी वर्षभर वाट बघतात. आंजेलीन चुलवाणापाशी उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "ज्याने ज्याने दुल्सीबायला शुक्रवार दिलाय त्याने उद्या तो परत घ्यायचा आणि पाळायचा. नाहीतर परवा तिला मातीत ठेवायला चला."

बस्त्याव आचारी तेवढा पुढे आला. डुक्कर त्याने स्वतः पाळलं होतं, स्वतःच्या हाताने चारलं होतं. "उद्या सण आहे, आंजेलीन! बहिणीच्या घरचे येणार, व्याही येणार. त्यांना काय भोपळा वाढू?"

"भोपळाच वाढ."

बस्त्यावचं तोंड लाल झालं. पण त्यालाही साथीत ताप आला होता, आणि दुल्सीबायने रस्सा चमच्याने पाजला होता तेव्हा तो लहान पोरासारखा तिचा पदर धरून पडला होता. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत त्याने डुकराची दोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी सणाची मिस्सा झाली, वाजंत्री झाली, आणि पाहुणे पंगतीला बसले. ताटात आला भात, वाल आणि लाल भोपळा. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा फादर उठले आणि त्यांनी दुल्सीबायची सगळी गोष्ट सांगितली. मग बस्त्यावचा व्याही उभा राहिला. जाडजूड माणूस, मटणासाठी पार दूरच्या गावाहून बैलगाडी जोडून आलेला.

"आमच्याकडे असलं काही नसतं," तो म्हणाला. "पण मलाही एक शुक्रवार द्या."

त्याच्यामागून त्याची बायको उठली. मग सगळी पंगत उठली. जो तो एक शुक्रवार मागायला लागला, आणि असं म्हणतात, शेवटी शुक्रवार कमी पडले आणि माणसं उरली. असंही म्हणतात की त्या दिवशी भोपळ्याला मटणाची चव आली होती. हे मात्र मला पटत नाही. चव भोपळ्याचीच असणार, आणि तीच त्यांना गोड लागली असणार.

त्या दिवशी अख्ख्या गावात कोंबडीचा रस्सा एकाच घरात शिजला. आंजेलीन वाडगा घेऊन खाटेपाशी बसली. बाहेरचा गलका ऐकून दुल्सीबायने डोळे उघडले.

"आज वार कुठला?"

"बाहेर सगळीकडे शुक्रवार आहे," आंजेलीन म्हणाली. "तुझ्या घरी सण आहे. पी."

दुल्सीबायच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि या वेळी धुराचं नाव घ्यायला ती विसरली. तिने तोंड उघडलं. घोट घेतला, आणि थांबली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

दारात उभा असलेला बस्त्याव हे ऐकून हसता हसता रडला. जिला मीठ कमी लागतं ती बाई मरत नाही, हे आचाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि ती मेली नाही. त्यानंतर कितीतरी पोरं तिच्या हातात रडली. पिकल्या वयात ती शांतपणे गेली.

आज बावखल निम्मं बुजलंय आणि तिच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. पण उंबरभाटच्या सणाला अजून पहिली वाढ लाल भोपळ्याची असते, मटण मागून येतं. आणि अजून आमच्या गावात शुक्रवारी कुणी आजारी असलं की शेजारचं माणूस दारात येऊन उभं राहतं. मोसंबी नाही, सफरचंद नाही, नुसतं येतं, एक वाक्य बोलतं आणि जातं.

हल्ली आमची पोरं दूर गेली. कुणी बोटीवर आहे, कुणी आखातात. मागच्याच महिन्यात आमच्या आळीतली इजाबेल ऑपरेशन होऊन घरी आली. डॉक्टरांनी रोज अंगात ताकद येईल असं खायला सांगितलं होतं. शुक्रवारी सुनेने सूप केलं, तर हिने वाटी सरकवून दिली. सुनेने मुकाट्याने नवऱ्याला मस्कतला फोन लावला आणि तो सासूच्या कानाला धरला.

"आई," मुलगा म्हणाला, "तुझा शुक्रवार माझ्याकडे. तू जेव."

इजाबेलने वाटी ओढून घेतली.