नवख्याची भिंत

खडकदऱ्याच्या देवळाच्या तीन भिंती दगडी आहेत. उत्तरेची तेवढी चुन्याची. तिच्या पायथ्याशी तळं आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना पायरीवर बसवून म्हातारे रावजी घुले तिची हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथं तळं नव्हतं, म्हणे. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि माणसं गाव सोडून चालली होती. मेंढपाळाची तरणी लेक भिवरा या भिंतीवर गेरूनं काहीबाही काढत बसायची. बापानं तिला सांगून ठेवलं होतं, "चार दिवसांत घाटाखाली खडी फोडायला जायचंय."

गोजरा तेलीण देवाला दिवा लावायला यायची. एकटी बाई. एकदा भिंतीवर काढलेल्या मेंढरांची लोकर वाऱ्यानं हलल्यासारखी तिला वाटली, आणि तेलाची वाटी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. घरात बियाण्याच्या ज्वारीची एक कणगी होती. तिनं देवापुढं शब्द दिला, भिंत पुरी होईपर्यंत या पोरीला मी जेवू घालीन.

पाटील समजवायला आले. "गोजराबाई, बियाणं दळताय. चित्रानं कुणाची तहान भागणार आहे का?"

"नाही भागणार," गोजरा म्हणाली. "पण हा हात आत्ता खडीला लागला, तर पुन्हा रंगाला लागायचा नाही."

पाटील परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निळीची पुडी आली. मग कुणी चुना दिला, कुणी मूठभर पीठ.

भिवरानं भिंतभर पाणी काढलं. निळं, संथ, काठाला लव्हाळी. बघणाऱ्याच्या अंगावर गारवा यायचा, असं सांगतात. कणगीचा तळ लागला त्या सकाळी गोजरा देवळात आली, तर गावातली उरलीसुरली गुरं भिंतीशी जमलेली. रंगवलेल्या पाण्याला जीभ लावत ती खुरांनी माती उकरत होती. उकरलेली माती ओली होती.

लोक कुदळी आणायला धावले. गोजरा त्या ओलीत पाय ठेवून बसून राहिली.

चित्र पुढं पावसात धुऊन गेलं. भिवरानं नंतर मुलखातली कितीतरी देवळं रंगवली.

"पाणी आधीपासून असेलही," रावजी म्हणतात. "पण गुरं तिथं कशाला आली असती?"

आजही दर चैत्रात ही भिंत नव्यानं पांढरी करून, ज्याला अजून कुणी ओळखत नाही अशा एखाद्या चिताऱ्याच्या हाती देतात. गाव त्याला आळीपाळीनं जेवू घालतं. यंदाच्या मुलीनं अजून एक कोपराच रंगवलाय. कधी होणार, असं तिला कुणी विचारत नाही. आज तिचं ताट कुंभाराच्या घरून येणार आहे.