राणीचा कावळा

एक राजा होता, आणि त्याला रडू येत नव्हतं. म्हणून तो जेवायचा. पाय पांघरुणात घे रे, मग सांगते.

राजाचं नाव गजसेन. पहिल्यापासूनच खाण्याचा भारी शौकीन. त्याची राणी सोनवती रोज शेजारी पाट मांडून बसायची आणि म्हणायची, "पहिला घास भाजीचा घ्या हो." राजा हसायचा आणि जिलबी उचलायचा. त्याचे पाय सुजायला लागले, तशी ती काळजीनं झुरायची. पण झालं भलतंच. दुखणं येऊन गेली ती राणीच.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवला तर माणूस सुखानं गेलं म्हणायचं, बरं का. नाही शिवला तर त्याचं मन कशाततरी अडकलंय. कावळा आला, पण झाडावरच बसून राहिला. मग राजा म्हणाला, तुझ्या नावानं घाट बांधीन. कावळा हलला नाही. मग म्हणाला, आपल्या शेवंतीला काही कमी पडू देणार नाही. कावळ्यानं नुसती मान वळवली. ऊन चढलं. तेव्हा लहानगी शेवंती बापाचं बोट धरून म्हणाली, आईला तुमच्या जेवणाची काळजी होती. राजानं मान खाली घातली आणि म्हणाला, "पहिला घास भाजीचा घेईन." तसा कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

वचन द्यायला काय लागतं? पाळायला लागतं ते. राजानं हुकूम सोडला, की उद्यापासून गोडधोड बंद, नुसती उकडलेली भाजी. दोन दिवस कसेबसे गेले. मग त्यानं उपास धरले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, वर वाडगाभर बासुंदी. एकादशी अन् दुप्पट खाशी! मग उपासही सुटले. शेजारचा पाट रिकामा दिसला की राजाच्या पोटात खड्डा पडायचा, आणि तो खड्डा जिलब्यांनी काही भरायचा नाही. वैद्यबुवा म्हणाले, असंच चाललं तर राजा फार दिवसांचा सोबती नाही. शेवंतीनं ते दाराआडून ऐकलं. आई गेलीच होती, आता बापही जाणार म्हणून पोर एकटीच रडली.

मग एकदा काय झालं, राजा जेवायला बसला आणि खिडकीत तोच कावळा आला. त्यानं ताटातली एक जिलबी उचलली आणि तिच्या जागी मेथीची काडी ठेवली. एकच जिलबी, हं. सगळं ताट नाही पळवलं. राजानं काडीकडे पाहिलं आणि त्या दिवशी मेथीची भाजी करायला सांगितली. मग थोड्या दिवसांनी कावळ्यानं आणखी एक जिलबी नेली आणि शेवग्याची शेंग ठेवली. मग थंडी पडल्यावर आवळा. असं हळूहळू, राजाच्या जिभेला कळेल न कळेल इतकं. राजा आधी खिडकीकडे बघायचा, मग भाजीचा घास घ्यायचा. कावळ्याशी दोन शब्द बोलायचा. पायांची सूज उतरली. शेवंतीला घेऊन तो नदीपर्यंत चालत जायला लागला.

असाच एक दिवस तो चालून आला, भुकेजलेला. दोडक्याची भाजी आणि भाकरी खाऊ लागला. अर्धी भाकरी संपली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आज आपण खिडकीकडे पाहिलंच नाही. खिडकी रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा राजाला कळलं. राणीचं मन सुटलं होतं. आता ती यायची नव्हती.

मग त्यानं ताटभर जिलब्या मागवल्या. वेडा नव्हता हो तो. पुन्हा पाय सुजले तर ती पुन्हा येईल, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं जिलबी उचलली. शेवंती आईच्या पाटावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर मी काय वचन देऊ?"

राजाच्या हातातली जिलबी गळून पडली. आणि इतक्या दिवसांनी तो रडला, अगदी लहान पोरासारखा. मग त्यानं पहिला घास घेतला. भाजीचा. आसवांनी तो खारट झाला होता, तरी त्यानं गिळला.

पुढे राजा खूप जगला. सणाला एक जिलबी खायचा आणि एक खिडकीत ठेवायचा. इतर कावळे येऊन ती नेत. शेवंतीची लेकरंबाळं त्याच्या मांडीवर खेळली, आणि सगळी सुखात राहिली.

आणि मघाशी भाजी ताटाखाली कुणी सारली, ते मी पाहिलंय बरं. उद्या एक घास खा, एकच. मिटा आता डोळे.